काकाजींचं पांढरं पान

काकाजींचा ब्लॉग मी अजूनही वाचतो आणि वाचताना अजूनही माझ्या पोटात दुखतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल काही वाकडं बोललो तर कुणाला नवल वाटायला नको. आणि काही बरं बोललोच, तर ते माझ्या तोंडून किती कष्टाने निघालंय याचीही कल्पना असावी.

मूल गावातल्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात ते भूगोल शिकवायचे आणि मी मराठी. काकाजी हे त्यांचं नाव नव्हे, पण विद्यार्थी, शिपाई, प्राचार्य, एवढंच काय, त्यांच्याहून वयाने मोठे असलेले पालकसुद्धा त्यांना काकाजीच म्हणत. माणूस उंच, हडकुळा, आवाज मात्र लग्नाच्या मांडवातल्या भोंग्याचा. वर्गात शिरले की आधी सगळ्या खिडक्या सताड उघडायचे. बंद खोलीत भूगोल कळत नाही, असं त्यांचं मत होतं. डबा खाताना आधी नुसती भाजी संपवायचे आणि मग नुसता भात. कालवून का खात नाही असं विचारलं तर म्हणायचे, "काऊन? पोटात गेल्यावर कालवतेच ना ते." नम्रपणाच्या ते वाऱ्यालाही उभे राहत नसत. स्वतः लिहिलेलं स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचायचे, मधेच थांबून "वा!" म्हणायचे आणि मग कुणी दुसरं "वा" म्हणतंय का ते बघायचे. मला ते 'साहित्यिक' अशी हाक मारत. त्यात कौतुक किती आणि टवाळी किती, हे मला कधीच नीट कळलं नाही.

आमच्या झाडीपट्टीत धान कापून झालं की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाहून कंपन्या येतात, गावोगावी मंडप पडतात, सासरी गेलेल्या लेकी नाटकाच्या निमित्ताने माहेरी येतात आणि सकाळी अर्धं गाव जांभया देत खळ्यावर जातं. या नाटकांवर कुणी रीतसर लिहीत नाही, आपण लिहावं, त्यासाठी ब्लॉग काढावा, ही कल्पना माझी. स्टाफरूममध्ये मी ती सगळ्यांसमोर बोलून दाखवली. काकाजी भाजी खात होते. त्यांनी मान वर करून नुसतं "हूं" म्हटलं. माझ्या ब्लॉगला अजून रंग ठरला नव्हता, तोवर यांचे लेख यायला लागलेसुद्धा.

माझा ब्लॉग कसा होता, ते सांगताना आजही माझा ऊर भरून येतो. काळी जमीन, त्यावर सोनेरी अक्षरं. अक्षरांचा टाइप मी इंटरनेटवर शोधून शोधून आणला होता, लग्नपत्रिकेवर असतो तसा वळणदार. पान उघडलं की तबला-पेटीवर नांदी सुरू व्हायची. वरून पळसाची केशरी फुलं हळूहळू गळत राहायची. खाली किती लोक येऊन गेले ते दाखवणारा आकडा. नाव 'झाडीपट्टीचे रंगवैभव : एक आस्वादयात्रा', आणि पत्ता म्हणजे हेच सगळं इंग्रजी अक्षरांत, मधे आडव्या रेघा देऊन. तो पत्ता फोनवर कुणाला सांगायचा तर समोरचा माणूस मधेच "बरं सर, मग पाहतो" म्हणून फोन ठेवायचा.

काकाजींच्या ब्लॉगचं नाव 'काल रातचं नाटक'. पत्ता एका श्वासात सांगता येणारा. पान पांढरंफटक, अक्षरं काळी, वर नाव, खाली मजकूर. बस. मी म्हटलं, "काकाजी, अहो हा ब्लॉग आहे की तहसीलची नोटीस?"

ते म्हणाले, "नोटीस लोक वाचतात ना बे."

लिहिण्याची त्यांची एक पद्धत होती, तिला मी तेव्हा खुळेपणा म्हणत असे. त्यांची मोठी बहीण सिरोंच्याच्या पलीकडे एका खेड्यात दिली होती. सगळे तिला अक्का म्हणत. तिच्याजवळ काच फुटलेला जुना मोबाइल होता आणि गावात रेंज फक्त तलावाच्या पाळीवर यायची. काकाजींचा लेख लिहून झाला की तो आधी अक्काला जायचा. अक्का शेळ्या घेऊन पाळीवर गेली की पान उघडून बघायची आणि फोन करायची. जन्म तिकडेच गेल्यामुळे तिच्या तोंडी मराठीपेक्षा तेलुगूच जास्त. पान उघडलं तर म्हणायची "वच्चिंदी", म्हणजे आलं. नाही उघडलं तर "रालेदु". रालेदु आलं की काकाजी कात्री घेऊन बसायचे. आधी फोटो लहान करायचे, तेवढ्याने भागलं नाही तर फोटोच काढायचे. पुन्हा अक्का पाळीवर. शेवटी एकदाचं वच्चिंदी आलं की ते स्टाफरूमच्या दारातूनच ओरडायचे, "वच्चिंदी!" सगळे आपापले मोबाइल काढायचे. मी वह्या तपासत असल्याचं दाखवायचो आणि टेबलाखाली मीही काढायचो.

मी एकदा विचारलं, "अक्का वाचतात तरी का ते?"

"नाई वाचत. तिले नाटकाचा कंटाळा हाय. पण तिच्या मोबाइलमध्ये खुललं तं दुनियेत कुठीई खुलते."

दुसरं खूळ उवांचं. मी माझे लेख ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, त्या मोठ्या टायपिंगच्या प्रोग्राममध्ये टाइप करायचो आणि तिथून उचलून ब्लॉगमध्ये डकवायचो. मग काय व्हायचं कुणास ठाऊक, एक परिच्छेद मोठ्या अक्षरात, दुसरा मुंगीएवढ्या, मधेच दोन ओळी निळ्या. मी एक सरळ करायला जावं तर तीन वाकड्या व्हायच्या. रविवारच्या रविवार त्यात जायचे. काकाजी माझ्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाले, "उवा हायेत त्यात. तिथून उचललं की संगं उवा येतात, दिसत नाईत, पण येतात. आधी फणी फिरव." फणी म्हणजे साधं नोटपॅड. तिथे मजकूर एकदा टाकायचा, तिथून उचलायचा, की सगळी नक्षी झडून नुसती अक्षरं उरतात. उपाय बरोबर होता. मी तो काही वापरला नाही. माझ्या लेखांना उवा म्हटलेलं मला सहन झालं नव्हतं.

आणि त्यांच्या लेखांत असायचं तरी काय? मी नाटकाची संहिता, नेपथ्य, अभिनय, संगीत यांवर लिहायचो. काकाजी नाटकाला जाताना बगलेत एक रिकामं पोतं घेऊन जात, ते मंडपाच्या एका कडेला अंथरत आणि रंगमंचापेक्षा लोकांकडेच जास्त बघत बसत. कोणत्या प्रवेशाला चहाची टपरी ओस पडली, कोणत्या गाण्याला पोरंसोरं लघवीला उठली, खलनायकाला शिव्या देता देता कोणत्या आजीबाईंची कवळी निसटली, हे ते लिहीत. 'तिसऱ्या अंकात नायिका रडली तेव्हा कोंबड्यावाल्या सोनकुसरेंच्या घरचे सगळे रडले, फक्त जावई रडला नाही.' ही काय समीक्षा झाली? पण तो जावई कोण, हे बघायला चार गावं ब्लॉग उघडत होती. एसटीत कंडक्टर तिकिटं फाडता फाडता वाचायचा. घरी माझी बायको भाजी निवडताना मोबाइल भिंतीला टेकवून वाचायची आणि हसायची. मी म्हटलं, माझा कधी वाचत नाहीस. ती म्हणाली, "उघडला होता ना जी. गाणं सुरू झालं म्हणून बंद केला. अन् फुलं पडून राह्यली सारखी, त्यांच्या मागं काय लिवलं ते दिसतच नाई."

त्या गाण्याने तर एकदा अब्रूच काढली. गावातले एक जुने संस्थाचालक वारले, महाविद्यालयात शोकसभा भरली. प्राचार्यांनी मोबाइलवर शोकप्रस्ताव लिहून आणला होता. तो वाचून सगळे माना खाली घालून उभे राहिले, आणि त्या शांततेत प्राचार्यांच्या खिशातून तबला वाजायला लागला. सकाळी मीच त्यांना लिंक पाठवली होती. काकाजी मान खाली घालून उभे होते, पण त्यांचे खांदे गदागदा हलताना मी पाहिले.

याहून मोठा घाव पुढेच होता. माझं लिखाण कुणी चोरू नये म्हणून मी ब्लॉगवर कुलूप लावलं होतं. मजकुरावर कितीही बोट दाबा, तो उचलता येत नसे. एका कंपनीच्या नाटकावर मी मन लावून लिहिलं, त्यात एक वाक्य असं जमलं होतं की ते मीच दिवसभर गुणगुणत होतो. दोन दिवसांनी कंपनीच्या मॅनेजरचा फोन. "सर, तुमचं ते वाक्य जीपवर सांगायचं होतं आम्हाले. पण उचलताच येऊन नाई राह्यलं. बोट दाबून दाबून थकलो. मंग काकाजीचं घेतलं." संध्याकाळी जाहिरातीची जीप मूलच्या बाजारातून गेली. भोंग्यावर नाटकाचं नाव, कलाकारांची नावं, आणि मग, "काकाजी म्हणतात, हे नाटक पाहून घरी जाताना नवरा-बायको एकमेकांशी बोलले!" मी भाजीबाजारात वांगी घेत उभा होतो. वांगीवाली म्हणाली, "हे तुमच्याच कॉलेजचे ना जी?" मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार?

इथपर्यंत मी सगळं सोसलं. माणसाला हेवा वाटतो, त्यात विशेष काही नाही. पण एक लेख असा होता की तो माझाच होता, आणि त्यावर मी सगळी भिस्त ठेवली होती.

माझे बाबा. तरुणपणी ते दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्याच्या खेळात, बाईचं काम करायचे, पायात घुंगरं बांधून, नऊवारी नेसून. पुढे नाटकांतही केलं. गुडघे गेले तसं सुटलं, आणि मग ते गावी माझ्या थोरल्या भावाकडे शेतीत रमले. आमच्यात बोलणं फार नव्हतं. मी शिकून मास्तर झालो, मराठीचा झालो, लिहायला लागलो, याचं त्यांना काय वाटतं हे मला कधी कळलं नाही, आणि ते कळावं अशी माझी फार इच्छा होती. त्यांच्यावर मी लिहावं आणि त्यांनी ते वाचून काहीतरी म्हणावं, एवढ्यासाठी खरं तर हा ब्लॉग मी काढला होता. लेख लिहून तयार होता. वरती लावायला त्यांचा नऊवारीतला जुना फोटो होता. त्याला चौकट कोणती, अक्षरांचा रंग कोणता, हे बसवण्यात आख्खा पावसाळा गेला. स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत होतं. काकाजींनाही.

हंगामातल्या एका सकाळी बाबांचा फोन आला. ते स्वतःहून कधी फोन करत नाहीत. "काय गा, पाह्यलं काय तू? मी आलो ना मोबाइलात!"

काकाजी कुठल्याशा नाटकाहून परतताना सरळ आमच्या गावी उतरले होते. बाबांच्या खाटेवर बसून त्यांनी चहा घेतला, गप्पा मारल्या, आणि दुसऱ्या दिवशी अक्काकडून वच्चिंदी येऊन लेख लागलाही होता. मी उघडला. पहिलंच वाक्य, 'आत्ता माझ्यासमोर हे बुवा बसले आहेत आणि उजवा गुडघा दुखतो म्हणून डाव्यावर ताल धरून आहेत.' मी मोबाइल पालथा ठेवला. मग पुन्हा सरळ केला आणि शेवटपर्यंत वाचला. त्यात कितीतरी गोष्टी मला ठाऊक नव्हत्या.

मी तडक काकाजींच्या घरी गेलो. ते अंगणात सुपात तुरीच्या शेंगा घेऊन सोलत बसले होते.

"काकाजी, माझ्या वडलांवर तुम्ही लिहिलं."

"लिवलं ना. वाचलं काय? मधला भाग तं लयच जमला."

"मी लिहिणार होतो. तुम्हाला माहीत होतं."

"होतं ना माहीत. तं लिव ना. कोण नाई म्हणते? तुहा बाप काय एका लेखात संपते काय?"

"मला एकदा विचारायचं तरी."

त्यांनी एक शेंग मोडली. "तुले इचारलं असतं तं तू म्हणला असता, थांबा काकाजी. अन् मी थांबलो असतो. म्हातारा थांबला असता काय?" मग सूप माझ्याकडे सरकवत म्हणाले, "सोल. अन् आयक, ते फुलं काढून टाक. बापाच्या तोंडासमोर कायले फुलं पाडून राह्यला?"

मी एकही शेंग सोलली नाही. घरी आलो आणि त्याच दुपारी लेख लावला, होता तसा, सोनेरी अक्षरांसकट, फुलांसकट. भावाला फोन करून सांगितलं, बाबांना दाखव. थोड्या वेळाने बाबाच बोलले. "माहं मुंडकं कुठी गेलं गा?" कॉम्प्युटरवर रुंद दिसणारा तो फोटो मोबाइलवर कापला जात होता. वर फक्त नऊवारीचा पदर आणि कंबर. खाली, भाऊ म्हणाला, अक्षरांऐवजी चौकोनच चौकोन दिसताहेत, आणि मात्रा एकीकडे, अक्षर दुसरीकडे.

तेव्हा मात्र मी पेटलो. काकाजींना न विचारता, त्यांना न कळू देता, मी सगळं उपसून काढलं. नांदी काढली, फुलं काढली, आकडा काढला, कुलूप काढलं. काळ्याचं पांढरं केलं. वळणदार टाइप टाकून साधा घेतला. फोटो लहान करून नावाच्या खाली ठेवला, डोक्यासकट. मजकुरातून फणीदेखील फिरवली. माझं पान आता त्यांच्या पानासारखंच दिसत होतं, आणि मला बरं वाटलं. आता सामना बरोबरीचा होता. आता फरक राहिला तो लिखाणाचा, आणि लिखाणात हा भूगोलाचा माणूस माझ्यापुढे कितीसा टिकणार?

रविवारी मी गावी गेलो. बाबा अंगणात खाटेवर बसले होते. मी माझ्या हाताने पान उघडलं. क्षणात उघडलं, अक्षर न् अक्षर जागच्या जागी. बाबांनी चष्मा लावला, फोटोकडे बराच वेळ बघितलं आणि वाचायला लागले. 'ती घुंगरं आता मुकी झाली आहेत. तो पदन्यास काळाच्या पडद्याआड गेला आहे,' अशी माझ्या लेखाची सुरुवात होती. ते बोटाने सावकाश वर सरकवत होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. इतका वेळ मी परीक्षेच्या निकालासाठीही ताटकळलो नव्हतो. शेवटपर्यंत वाचून त्यांनी चष्मा काढला, धोतराला पुसला.

"चांगलं लिवलं. भाषा लय भारी हाय."

मी म्हटलं, "खरंच बाबा?"

"खरंच ना. मास्तराची भाषा हाय." ते थांबले. "पण गा, याच्यात मी मेलो हाव."

मी वाकून पान पुन्हा पहिल्या ओळीपर्यंत नेलं.

"काकाजीच्यात मी बसून हाव," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कसलीही तक्रार नव्हती. "गुडघा दुखून राह्यला माहा त्याच्यात."

पान उघडत नव्हतं तोवर माझ्याजवळ सांगायला पुष्कळ होतं. टाइप होता, फोटो होता, रेंज होती, लोकांचे जुने मोबाइल होते. आता यातलं काहीच मधे नव्हतं. काकाजींचा इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता, जीपच्या दिवशीही नाही. जीपवरचं वाक्य त्यांनी पुन्हा न्यावं, शंभर वाक्यं न्यावीत, पण हा माणूस माझ्या बापाच्या खाटेवर एक चहा पिऊन गेला आणि जे मला जन्मभर बाजूला बसून दिसलं नाही ते घेऊन गेला, हे मला अजून पचत नाही.

बाबांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "डोळे थकले. तूच वाच आता. काकाजीचं लाव."

मी लावलं. माझ्या आवाजात मी त्यांचा लेख वाचायला लागलो, आणि मराठीचा मास्तर असल्यामुळे नाइलाजाने नीटच वाचला. बाबा डोळे मिटून ऐकत होते. मधल्या भागात, जिथे एका गावात गाणं रंगल्याचं लिहिलंय तिथे आलो, तर त्यांचा डावा हात मांडीवरून उठला. मनगट वळलं, बोटं उमलली, आणि मानेला बाईमाणसासारखा एक हलका झोका आला. हे मी कधी बघितलं नव्हतं. मी वाचत राहिलो.

"थांब," ते डोळे न उघडता म्हणाले. "इथी टाळ्या पडत होत्या."

मी थांबलो.